खंडेनवमीची तार

दुकानदाराने सहज विचारलं, "काय रे, या टायमाला उशीर केला? दर आठवड्याला शिशाची तार न्यायला येतो, आता पंधरा दिवस दिसला नाय. बत्त्या बंद ठेवल्या काय तुमच्या गिरणीत?" धोबीतलावावरचं पारशाचं दुकान, गल्ल्यावर म्हातारा, आणि त्याच्या मागे चिनीमातीच्या वाट्या, पितळी खटके, तारांची भेंडोळी. गिरणीतल्या विजेच्या बत्त्या सांभाळणारा लवू तिथल्या साहेबाच्या चिठ्ठीवर बत्त्यांचे दोन नवे खटके न्यायला आला होता. म्हाताऱ्याने चेष्टा केली आणि पुन्हा पुड्या बांधू लागला. लवू हसायला गेला आणि मधेच दिवस मोजू लागला. पंधरा दिवस. याआधी आठवड्याला चार-पाच वेळा तरी खटक्याखालच्या वाटीतलं शिसं वितळून बत्त्या जायच्या आणि तो शिव्या खात नवं लावायचा. दसऱ्यापासून एकदाही नाही. "लवूच्या हाताला गुण आला," असं गिरणीत म्हणत होते आणि तो मान खाली घालून ऐकून घेत होता. गुण कुठला यायला. बायका रिळांवर सूत गुंडाळतात त्या रीळखात्याच्या वाटीत शिसं नव्हतंच. तांबं होतं. खंडेनवमीला त्याने स्वतःच्या हाताने पिळून बसवलेलं, फक्त तेवढ्या संध्याकाळपुरतं. आपण विसरलो, असं त्याने मनाशी म्हणून ठेवलं होतं. पण माणूस विसरतो ते विसरतो, आणि आठवायचं नाही म्हणून बाजूला सारतो ते वेगळं. हे त्याला तिथे दुकानात उभ्या उभ्या कळलं.

खटक्यांची पिशवी काखेत मारून तो रस्त्यावर आला. ऊन उतरलं होतं. चार वाजून गेले असावेत. प्लेगचा, गाठीचा ताप यायच्या आदल्या सालातला तो ऑक्टोबर, मुंबई अजून निर्धास्त होती, रस्त्यात शेंगावाले, पानवाले, गिरगावातल्या बायका देवळातून परतत होत्या. बत्त्या लागतात सहाच्या सुमाराला. लवू नसला की खटका कुशाबा जॉबर, कामगारांवरचा मुकादम, ओढतो. त्याला खटका खाली ओढायचा एवढंच येतं, वाटीत काय आहे हे त्याच्या गावीही नसतं. सहाच्या आत पोचलं तर काही बोलायला नको, सांगायला नको. बत्ती लागायच्या आधी तांबं काढायचं, शिसं लावायचं, हात पुसायचे. लवूने मनातल्या मनात हे सगळं करूनही टाकलं, दोनदा, तीनदा. घोड्यांची ट्राम आली तसा तो चढला. ट्राम निघाली आणि पुढच्याच वळणावर बैलगाड्यांच्या मागे अडकून उभी राहिली. घोडा शेपटीने माश्या वारत होता. त्या घोड्याला काय घाई.

साहेबाने पहिल्या दिवशी त्याला दगडी फळ्यासमोर उभं केलं होतं. खाली इंजिन, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो, आणि शेजारच्या खोलीत भिंतीवर हा काळा दगडी फळा. एकेका खात्याचा एकेक खटका, आणि खटक्याखाली चिनीमातीची वाटी, वाटीत दोन स्क्रूंमध्ये ताणलेली बोटभर शिशाची तार. साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला होता, ही तार मरायलाच ठेवलेली आहे. विजेचा भार वाढला की हिने आधी वितळायचं, म्हणजे पुढची तार, भिंत, कापूस, माणसं वाचतात. लवूला ते लगेच पटलं. त्याच्या गावात, मालवणच्या खालच्या अंगाला, वेशीवर कोंबडं देतात ते याहून वेगळं काय असतं? नंतर कितीदा त्याने वितळलेल्या शिशाचा थेंब नखाने खरवडून काढला, नवी तार ताणली, स्क्रू आवळला. प्रत्येक वेळी आधी खटका वर करायचा, मगच वाटीला हात लावायचा. त्याची ही शिस्त इतकी पक्की होती की जेवताना ताटाला हात लावण्याआधीसुद्धा एकदा बोटं झटकायची त्याला सवय लागली होती. त्याची बायको अंबिका त्यावरून हसायची. असा माणूस तो. शिसं काढून तांबं लावणारा माणूस तो नव्हता. पण लावलं होतं ना.

झालं ते असं. खंडेनवमीला दुपारी डायनामोच्या खोलीत पूजा झाली. फळ्यासमोर पाट मांडून त्यावर पकड, पेचकस आणि शिशाच्या तारेचं रीळ ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. झेंडूचं तोरण फळ्यावर लावायला खिळे कमी पडले तेव्हा कुशाबाने कुठूनशी तांब्याची तार आणली आणि तोरण तिने आवळलं. हत्यारं एकदा पूजेला लावली की दसऱ्याला उतरवेपर्यंत त्यांना शिवायचं नाही. सुतार करवतीला शिवत नाही, न्हावी वस्तऱ्याला शिवत नाही. लवूच्या बापाने एकदा पूजेतला कोयता उचलून पाहुण्यांसाठी शहाळं सोललं होतं आणि त्याच महिन्यात माडावरून पडून त्याची कंबर मोडली. पुढची नऊ वर्षं बाप खाटेवर पडून तो कोयता भिंतीवर बघत राहिला. आणि त्याच नवमीच्या संध्याकाळी रीळखात्याचं शिसं गेलं. वरच्या मजल्यावर काळोख, बायकांचा गलका, कुशाबा जिन्यावरून ओरडतोय, आणि रीळ पाटावर कुंकवात माखलेलं. लवूचा हात पुढे गेला आणि थांबला. मग तोच हात तोरणाकडे गेला, त्याची तांब्याची तार सोडवून बोटांनीच वाटीत पिळायला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, लवूच्या पाठी दोन होते, एक पूजा बाटण्याचा आणि एक आगीचा. त्याने धाकट्याला घाबरून थोरल्याला घरात घेतला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी. तिसऱ्या दिवशी त्याने हत्यारं नमस्कार करून उचलली, आणि वाटीकडे पाहिलं. नक्की पाहिलं. आता ट्रामच्या बाकावर बसून ते आठवताना त्याला वाटीवरची धूळसुद्धा दिसली. त्या क्षणी काढली असती तर संपलं असतं. पण कुशाबा मागून म्हणाला, "झ्याक चाललंय बघ, लवू. हात लावू नगंस." आणि लवूने हात लावला नाही. नवमीच्या महिनाभर आधीच साहेबाने रीळखात्यात चार बत्त्या वाढवल्या होत्या, अंधार पडल्यावरही काम चालू ठेवता यावं म्हणून. तारा आठ बत्त्यांच्या, बत्त्या बारा. शिसं वितळत होतं ते उगाच नव्हे, ते ओरडून सांगत होतं. लवूने त्याचं तोंड बांधलं. आता भार जायचा कुठे? जिन्यावरून वर, भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून, आत दोन तारा रबराच्या पातळ सालीत, आणि खात्यात जिकडे तिकडे कापसाचे तंतू, पट्टीवर, कौलांवर, बायकांच्या केसांत. त्या खात्यात अंबिका काम करते. सहावा महिना चालू आहे तिला. पहिलं मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं, तेव्हापासून लवू दर मंगळवारी देवीला ओटी बोलतो आणि कुणाला सांगत नाही.

भायखळ्याला ट्राम थांबली आणि तो उतरून पायी निघाला. पुढे लालबागेपर्यंत रस्ता सरळ, तरी तो दोनदा चुकल्यासारखा थांबला. काल रात्री निजताना अंबिकेच्या केसांना जळकट वास येत होता. चुलीचा असेल, असं त्याला वाटलं होतं. चुलीचाच असेल. पण चुलीचा वास त्याला ओळखता येत नाही का? तो गोडसर होता, रबराचा. डायनामोच्या खोलीत नवी तार जास्त तापली की येतो तसा. तिची कंबर दुखायची, रात्र रात्र कण्हायची, ती या पंधरा दिवसांत शांत झोपत होती. आणि तो देवीचे आभार मानत होता. या दोन गोष्टींचा काय संबंध, त्याला कळेना. पण भीती असं विचारत बसत नाही, ती समोर येईल त्याला ओढून घेते. त्याला शिवडीच्या रस्त्यावरचं ते गोदाम आठवलं. तीन वर्षांपूर्वी तिथे कापूस पेटला होता आणि दाराला बाहेरून कडी होती. लवू तेव्हा इतरांबरोबर पाणी ओतत होता. सकाळी राखेत कुणाला तरी काचेच्या बांगड्या सापडल्या, वितळून एकमेकीला चिकटलेल्या, त्यांचा एकच गोळा झालेला. तो गोळा माणसांच्या हातांतून फिरत लवूच्या हातात आला होता. अजून कोमट होता. त्याने तो कुणाला दिला ते त्याला आठवत नव्हतं.

आणि रीळखात्याच्या दारालाही बाहेरून आडणा असतो. सखुबाई नाईकीण, बायकांवरची मुकादम, बत्ती लागली की दार बंद करते आणि लोखंडी आडणा घालून पायरीवर बसते. बायका अंगावरच्या पोरांना पाजायला मधेच घरी सटकतात म्हणून. सखुबाई वाईट नाही, तिलाही वरून बोलणी बसतात. पण आडणा तो आडणा. लवू आता पळत होता. पळणाऱ्या माणसाला लालबागेत कुणी विचारत नाही, गिरणीत उशीर झाला म्हणून रोज कुणीतरी पळतच असतं. एका देवळाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्याने "अरे, सावकाश" म्हटलं. आकाश पिवळं पडत चाललं होतं. अजून उजेड आहे, त्याने स्वतःला सांगितलं, अजून उजेड आहे तोवर बत्ती लावणार नाहीत. आणि परळच्या वळणावर गिरणी दिसली तेव्हा रीळखात्याच्या खिडक्या एकेक करून उजळल्या. रोज ही वेळ त्याच्या अभिमानाची. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायची आणि त्याला वाटायचं, हे माझं आहे. आज त्याला त्या बारा बत्त्या उघड्या डोळ्यांसारख्या वाटल्या. तो पळत राहिला.

डायनामोच्या खोलीत कुशाबा तंबाखू मळत बसला होता. "आलास? सायेब दोनदा इचारून गेला," तो म्हणाला. लवूने त्याच्याकडे पाहिलं नाही. फळ्यावर झेंडूचं तोरण सुकून काळं झालं होतं, खालच्या बाजूची तार त्यानेच काढून घेतलेली म्हणून एका अंगाला लोंबकळत. रीळखात्याची वाटी पांढरी होती, ती कडेने बदामी झाली होती. लवूने खटका वर केला. वर एकदम अंधार झाला असणार, कारण बायकांचा आवाज छतातून खाली आला. कुशाबा उठला. "आरं, काय करतुयास?" लवूने बोटं न झटकताच वाटीत घातली. तारेने चटका दिला, बोटाची कातडी तिला चिकटली आणि सुटली. त्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी त्याला लागलं होतं. स्क्रू सैल करून त्याने तांबं काढलं आणि शिशाची तार ताणली. भाजलेल्या बोटांतून एक स्क्रू दोनदा खाली पडला. मग खटका खाली ओढला. छतावरून बायकांचा हुश्श ऐकू आला, आणि शिसं मधेच वाकलं, चमकलं, गळून पडलं. पुन्हा अंधार. त्याने पुन्हा तार लावली. पुन्हा तेच. पंधरा मोजायच्या आत. पूर्वी हीच तार दिवस-दोन दिवस तरी टिकायची, म्हणजे वर काहीतरी आणखी बिघडलं होतं.

"मग त्या तांब्याचीच लाव की रं," कुशाबा आता जवळ आला होता. वाटीतून निघालेली तार फळ्याच्या कडेवर पडली होती. तिच्याकडे बघून त्याला सगळं कळलं, आणि कळलं तरी त्याचा चेहरा बदलला नाही. "पंधरा दिस चालली न्हवं? कुनाला काय झालं?"

"कुशाबा, वर आठांची तार आहे. बत्त्या बारा."

"ते सायबाला ठाव. तू बत्ती लाव. सायेब येऊन हुभा ऱ्हायला तर तुजी बी नोकरी गेली अन् माजी बी."

खरं तर इथेच लवूचं घोडं पेंड खात होतं. पंधरा दिवस तेच झालं होतं. आता पुन्हा एकदा तेच करायचं, आणि उद्या सकाळी, कुणी नसताना, सावकाश. कुशाबाचं म्हणणं इतकं सोपं होतं की लवूचा हात त्या तारेकडे गेलासुद्धा. ती अजून गरम होती. गोदामातल्या बांगड्यांचा तो कोमट गोळा त्याच्या तळहातावर पुन्हा येऊन बसला. त्याने तार उचलली, खिशात टाकली, कोनाड्यातला कंदील पेटवला आणि जिन्याकडे निघाला. मागून कुशाबा काहीतरी म्हणत होता.

सखुबाई पायरीवर होती. "आडणा काढा, नाईकीण," लवू म्हणाला. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हुज्जत न घालता आडणा काढला. आत उष्ण काळोख, सुताचा वास, आणि त्याखाली तो गोडसर वास, इतका स्पष्ट की इतके दिवस कुणाच्या लक्षात कसा आला नाही याचंच नवल. कंदिलाच्या उजेडात बायकांचे चेहरे वर झाले. रिळांच्या चौकटी थांबलेल्या. कुणी पाय पसरून बसली होती, कुणी पदराने वारा घेत होती. भिंतीवरची लाकडी पट्टी जिन्यापासून सुरू होऊन खिडकीपर्यंत गेली होती, आणि खिडकीच्या अलीकडे ती वळते तिथे, बसल्या माणसाच्या कंबरेच्या उंचीवर, भिंतीला पाठ टेकून अंबिका बसली होती.

"थंय कित्याक बसलंस?" लवूने विचारलं.

"हंयच बसतंय मी रोज," ती म्हणाली. "भिंत ऊन असता हंय. दसऱ्यापासून. कंबर टेकली काय दुखणाच जाता." आणि जरा लाजून, बाकीच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू, "तुमची बत्ती हंयसूनच वर येता ना. म्हणान मी कुणाक बसाक देणंय नाय."

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ थंयसून."

ती उठली. लवूने पट्टीवर तळहात ठेवला. ताप चढलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा ठेवला आणि तितकाच लगेच उचलला. पेचकसाने त्याने वरची फळी उकलली. रबर वितळून खाली ओघळलं होतं, दोन्ही तारा वळणावर एकमेकींच्या अगदी जवळ आल्या होत्या. मागचं लाकूड हातभर काळं पडलं होतं, कोळशासारखं, बोट लावलं की भुगा. फळीच्या आत कापसाच्या तंतूंची गादी जमली होती आणि तिच्या एका कडेला, कंदील जरा बाजूला केल्यावर दिसली अशी, एक बारीक लाल रेघ सरकत होती. त्याने ती मुठीत घेतली आणि दाबली. विझेपर्यंत धरून ठेवली. आज आणखी एक तास बत्ती राहिली असती तर, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि पुढचं वाक्य त्याने मनात येऊ दिलं नाही.

कुशाबा दारात येऊन उभा होता, त्याच्यामागे सखुबाई, हातात आडणा तसाच. कुशाबाने काळी फळी पाहिली आणि तंबाखूची मूठ तशीच बंद ठेवली. "बोलू नगंस," तो अगदी हळू म्हणाला. "तार तुटली म्हन. मी सांबाळतो."

लवूला ते मान्य करावंसं वाटलं. त्याने खिशातून तांब्याची तार काढली. त्याच्या भाजलेल्या बोटांत ती सरळ करता येईना. "ही मी लावली," तो म्हणाला. कुणाकडे बघून म्हणाला ते त्यालाही कळलं नाही, पण खात्यातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. "खंडेनवमीला. रीळ पूजेत होतं म्हणून. मग तशीच ठेवली. मला ठाऊक होतं." शेवटचे तीन शब्द बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं, ते आपोआप आले. सखुबाईने आडणा भिंतीला टेकवून ठेवला, आवाज न करता. "बायांनो, चला घरी," ती म्हणाली. "बत्ती आज लागत न्हाई."

गिरणीच्या फाटकाबाहेर अजून थोडा उजेड होता. इतक्या लवकर सुटलेल्या बायका जरा बावरून, जरा हसत रस्त्यावर पसरल्या. साहेबासमोर उद्या उभं राहायचं होतं. उद्याची भीती वेगळी होती, तिला टोक होतं आणि ती समजत होती. लवू आणि अंबिका लालबागेच्या दिशेने चालू लागले. तिने विचारलं नाही की "मला ठाऊक होतं" म्हणजे काय. रागावली नाही, रडलीही नाही. फक्त तिचा उजवा हात मागे गेला आणि कंबरेवर, रोज भिंतीला टेकायची त्याच जागी, जाऊन राहिला. लवूला वाटलं, दुखत असेल, थोड्या वेळाने काढील. पण घर येईपर्यंत तिने तो हात तिथून काढला नाही.